उजव्या हाताची पट्टी

टाकवे बुद्रुक
४ ऑगस्ट २०२५

रेणुका ओव्हाळ मॅडम यांस,

'सप्रेम' लिहून खोडलं आहे, ते दिसेलच. नवा कागद घेता आला असता; पण आमच्या घरात वहीचा कागद फाडायचा तर माधवीला विचारावं लागतं, आणि तिच्यापुढे मी अजून किती वाकायचं?

तर ही माझी मुलगी माधवी, वय वर्षं पंधरा, मला न विचारता तुमच्या वराळ्याच्या क्लबात आली. दहावीचे जादा तास आहेत म्हणून घरातून निघायची आणि कान्ह्याला लोकल पकडून तळेगावला उतरायची. तीन आठवडे हे नाटक चाललं. मला कळलं ते भाकरी थापताना. तिच्या मुठींची सालपटं निघाली होती आणि पीठ लागल्यावर ती ओठ चावत होती. ते कसं झोंबतं हे मला कुणी सांगायला नको.

"कुणाकडं जातीस?" विचारलं, तर तिनं तुमचं नाव घेतलं. अख्ख्या मावळात बॉक्सिंग शिकवणारं दुसरं कुणी उरलं नाही का? पण नाही. बाईसाहेबांना तुम्हीच हव्यात, कारण तुमच्या मुली राज्याला जातात. आणि तुम्ही तिला आईचं नाव विचारलंत, माहेर विचारलंत, आणि म्हणालात की पाच ऑक्टोबरला लोणावळ्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे, मी हिला तयार करते. पण पुढे हेही म्हणालात की वीस सप्टेंबरला फॉर्म जातो, त्यावर माझी सही आईच्या पत्राशिवाय होणार नाही. सोळा डिसेंबर दोन हजार सातला पट्टीचं काय झालं, ते आईनं स्वतःच्या हातानं लिहायचं. फोन नको, मोबाइलवरचा निरोप नको.

घ्या, लिहिते.

सोळा डिसेंबरला लोणावळ्याच्या हॉलमध्ये चौपन्न किलो वजनगटाची माझी आणि तुमची अंतिम लढत होती. आपण दोघी दत्तोबा भाऊंच्या क्लबच्या. भाऊंचा नियम असा की, एकाच क्लबच्या दोघी समोरासमोर आल्या तर एकीच्या हातांना पट्टी दुसरीनं बांधायची, मग ग्लोव्ह चढवायचे. त्याप्रमाणे तुम्ही माझी बांधलीत, मी तुमची बांधली. दुसऱ्या फेरीत माझा उजवा हात मोडला. ग्लोव्ह काढला तेव्हा पट्टी सैल निघाली, ते सगळ्यांनी बघितलं. ती सैल कशी झाली हे मला सांगता येत नाही. अशा गोष्टी होतात. त्यावरून पुढे तुम्हाला जे भोगावं लागलं त्याचं मला वाईट वाटतं.

झालं. माधवी पायानं हलकी आहे, पण मारताना डावीकडे कलते. तेवढं बघा.

सौ. राजेश्वरी आदिनाथ जांभूळकर

टाकवे बुद्रुक
१३ ऑगस्ट २०२५

रेणुका,

मॅडम-बिडम पुरे झालं. माझं पत्र तू शाळेतल्या वहीसारखं परत पाठवलंस. 'सांगता येत नाही' या शब्दांखाली लाल रेघ, आणि तळाला तुझ्या त्या टोकदार अक्षरात: "सैल बांधायला कुणी सांगितलं?" हे पोरीच्या हातून आलं. पाकीट चिकटवलेलं होतं, हे उपकारच म्हणायचे.

तू शाळेत खेळाच्या बाई झालीस म्हणून मी काही तुझी विद्यार्थिनी झालेली नाही. ज्या गावात तू आणि मी वाढलो त्या गावात एसटी दिवसातून दोनदा यायची आणि ती चुकली की दोघींनी मिळून चालायचं, हे विसरू नकोस. तेव्हा तू माझी पिशवी धरायचीस आणि मी तुझी. आता लाल पेन धरतेस.

तुला आठवतं का, आपण आधी किती वेळा लढलो ते? माझ्याइतकं नसेल आठवत. हरणाऱ्याला जास्त आठवतं. पहिली लढत तळेगावला, दोन हजार सहाच्या जानेवारीत. तू माझं नाक फोडलंस. घंटा झाल्यावर माझ्याच कॉर्नरला येऊन तू माझ्या नाकाला बर्फ लावत बसलीस. भाऊ हसत होते. माझे वडील खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत बसले होते, ते उठून बाहेर गेले. घरी येईपर्यंत आबा एकच वाक्य बोलले, "चिमाबाईच्या पोरीकडनं मार खाऊन आलीस." मार खाल्ल्याचं त्यांना दुःख नव्हतं. कुणाकडून खाल्ला, त्याचं होतं. तुझी आई आमच्या भाताच्या खाचरात लावणीला यायची, तिच्या पोरीकडून.

दुसरी लढत पुण्यात, वर्षभरानं. तीन पंच माझ्या बाजूचे, दोन तुझ्या. पेला मला मिळाला आणि टाळ्या तुला पडल्या. हॉलमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं की रेणुका जिंकली. तू मात्र खांदे उडवलेस, भेळ खाल्लीस आणि लोकलमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. तुझं ते झोपणं मला जिव्हारी लागलं. अगं, रागव तरी! पण तुला ठाऊक होतं की पुढच्या खेपेला तू मला हरवणार. मलाही ठाऊक होतं.

पट्ट्या आठवतात? विकतच्या फक्त स्पर्धेपुरत्या. सरावाला चिमामावशीच्या जुन्या लुगड्याच्या, हिरव्या काठाच्या. एकाच लुगड्यातून मावशीनं चार पट्ट्या फाडल्या, दोन तुला, दोन मला. आमच्या आईला कळल्यावर तिनं त्या मला घरात आणू दिल्या नाहीत. मी त्या गोठ्यात ठेवायचे. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

असो. तुझा प्रश्न. हो, मी म्हणाले असेन की थोडी सैल ठेव. लढणारी असं म्हणतेच. घट्ट झाली की बोटं बधिर होतात. पण किती घट्ट आणि किती सैल ते बांधणारीनं ठरवायचं असतं. मी सांगितलं, आणि तू बांधलीस. दोघींचं आहे हे.

फॉर्मवर सही कर.

राजेश्वरी

टाकवे बुद्रुक
२ सप्टेंबर २०२५

रेणुका,

आज गौरी गेल्या. घर रिकामं झालं, आणि माधवी घरात असून नसल्यासारखी आहे. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. जेवताना मीठसुद्धा बापाकडे मागते. आदिनाथ म्हणतो, "लिवून टाक की काय ते, दोन वळींचं काम." त्याला काय कळतंय? त्याला एवढंच माहीत की बायकोचा उजवा हात थंडीत दुखतो.

दुसरंही पत्र तू परत केलंस. या वेळी लाल पेन नव्हतं. निळ्या शाईत, बारीक: "हात आधीच सुजला होता. ते कुठाय?"

ठीक आहे. हे घे.

लढतीच्या तीन दिवस आधी सरावात तू मला पाडलंस. डाव्या हातानं, पोटात. मी गुडघ्यावर आले आणि भाऊ सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "राजी, हिचा डावा शिकून घे, मग लगीन कर." आबांनी माझं लग्न फेब्रुवारीत ठरवलं होतं, ते भाऊंना माहीत होतं. थट्टा केली त्यांनी. पोरी हसल्या, तूही हसलीस. मी घरी आले, गोठ्यात गेले आणि छप्पर पेलणाऱ्या सागवानी मेढीवर उजव्या हाताची मूठ घातली. एकदा नाही. बैल दावं ताणून मागे सरकला, इतक्यांदा. सकाळी करंगळीच्या मुळाशी आवळ्याएवढी सूज होती.

हळद लावली, कुणाला सांगितलं नाही. सोळा तारखेला कपडे बदलायच्या खोलीत आपण दोघी समोरासमोर स्टुलावर बसलो. तू माझा उजवा हात हातात घेतलास आणि थांबलीस. करंगळीच्या मुळाशी अंगठ्यानं दाबलंस.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

"खोटं बोलू नको. हे मोडंल. मी भाऊंना सांगती."

मी तुझं मनगट धरलं. म्हणाले, "रेणे, तुझ्या पाया पडते. फेब्रुवारीत माझं लगीन हाय. ह्याच्यानंतर मला कोण रिंगमदी उतरू देनार न्हाई. सैल बांध, ग्लोव्हमदी मावंल. भाऊंना सांगू नको."

तू मनगट सोडवून घेतलंस. मग गुंडाळायला लागलीस, सैल. बोटांच्या फटीतून दोन फेरे कमीच घेतलेस, कारण मी कण्हले. तुला माझी दया आली होती. अठरा वर्षांत मी तुला पुष्कळ शिव्या घातल्या मनातल्या मनात, पण त्या दयेसाठी घातल्या तेवढ्या कशासाठीच नाहीत.

लढत तुला माहीत आहे. पहिल्या फेरीत मी उजवा हात वापरलाच नाही आणि तू त्या बाजूला मारलं नाहीस. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तू मला सांभाळून घेत होतीस! दुसऱ्या फेरीत माझं डोकं फिरलं. सगळा जोर काढून उजवा फेकला, तू मान खाली घातलीस आणि मूठ तुझ्या कपाळावर बसली. आवाज मला आतून ऐकू आला. मग मी हात छातीशी धरून दोरखंडाला टेकले, आणि पंचांनी तुझा हात वर केला.

ग्लोव्ह कापून काढला तेव्हा पट्टी लोंबत होती. भाऊंनी विचारलं, "कुणी बांदली?" सगळ्या हॉलला माहीत होतं कुणी बांधली ते. तू पुढे आलीस, म्हणालीस की हात आधीच सुजला होता, राजीनंच सांगितलं सैल बांधायला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. मला भोवळ येत होती, खरंच येत होती.

त्यानंतर जे झालं ते लोकांनी केलं. आबांनी केलं. समितीकडे तक्रार गेली, तुझी जीत रद्द झाली, दोन वर्षं बंदी आली. गावात काय बोलले ते मी लिहीत नाही. तुझं नाव कुणी घेतलं नाही, 'त्यांच्यातली' म्हणाले आणि त्यांना तेवढा पुरावा पुरला. मी काही बोलले नाही. माझ्या तोंडून तुझ्याविरुद्ध एक शब्द गेला नाही. गप्प राहिले, हा माझा गुन्हा. तो कबूल.

आणि चिमामावशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली. आत आली नाही, कधीच यायची नाही. म्हणाली, "राजी, तूच सांग गं बाय. माज्या पोरीनं आसं केलं व्हय?" आबा ओसरीवर होते. म्हणाले, "झोपलीया ती." मी दाराच्या आड उभी होते, हात गळ्यात बांधलेला. मावशी चांगली अर्धा तास उभी होती. मग डोक्यावरचा पदर नीट करून गेली. पुन्हा आमच्या खाचरात आली नाही. पुढे मावशी वारली, ते मला तीन महिन्यांनी कळलं. कळल्यावरही मी वराळ्याला तुझ्या दारात आले नाही. काय तोंड घेऊन येणार होते?

आता यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही.

राजेश्वरी

टाकवे बुद्रुक
१८ सप्टेंबर २०२५

रेणुका,

तुझी चिठ्ठी मिळाली. "एवढं पुरे. फॉर्म भरला. आई शेवटपर्यंत म्हणायची, राजीनं नसंल सांगितलं तसं, तिच्या बापानं केलं असंल." एवढ्याच तीन ओळी, आणि मी त्या दिवसभर कनवटीला लावून फिरत होते.

या वेळी माझं पत्र परत आलं नाही. तू ठेवून घेतलंस.

माधवी बोलायला लागली आहे. काल मला हात धरून अंगणात नेलं आणि तुझा डावा करून दाखवला. हुबेहूब. खांदा आधी पडतो, मग कोपर येतं. मी म्हणाले, छान आहे. आत येऊन चुलीपुढे बसले. मला वाटलं होतं की लिहिल्यावर हलकं वाटेल. सगळ्या जगाला वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. तू मला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतंस.

शनिवार-रविवारी धरणाकाठच्या तंबूंत पुण्याची गर्दी असते, पन्नास माणसांचं पिठलं माझ्या गळ्यात. तरी पाच तारखेला येईन म्हणते. मागे बसेन. तू बघू नकोस माझ्याकडे.

राजेश्वरी

टाकवे बुद्रुक
४ ऑक्टोबर २०२५, दुपार

रेणे,

हे पत्र माधवीच्या हाती देत नाही. उद्या सकाळी सात वाजता वजनं होतात, तेव्हा मी हॉलच्या दारात उभी असेन आणि हे तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर मी पुन्हा काहीतरी गाळीन. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी माधवीनं चहाचा कप डाव्या हातानं उचलला.

"हात दाव," मी म्हणाले.

"काय न्हाई झालं."

"दाव म्हंते ना."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरावात समोरच्या पोरीच्या कोपरावर तिची मूठ बसली. तुला सांगितलं नाही तिनं. करंगळीच्या मुळाशी, रेणे. अगदी तिथंच. मी बघितलं आणि माझा हात दुखायला लागला.

म्हटलं, "मॅडमना सांगितलंस?"

"येडी हायेस का? उतरू देतील व्हय मग?"

"पट्टी बांदताना कळंल तिला."

"सैल बांदायला सांगीन. न्हाई दुखत म्हनीन. ऐकतात त्या."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच. लिवलंयस की."

तिसरं पत्र तिनं उघडलं होतं. दुधाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून, मग भातानं पुन्हा चिकटवून. तुला पोचवायच्या आधी वाचलं. म्हणून बोलायला लागली होती माझ्याशी. मी बापडी समजत होते की फॉर्म भरला म्हणून. अठरा वर्षांनी मी एक कबुली दिली आणि माझी पोर त्यातून एवढंच शिकली की सूज असली तर पट्टी सैल बांधून घ्यायची.

मी म्हटलं, "आन मोडला तर? मॅडमवर येईल सगळं."

ती म्हणाली, "मी थोडीच काय बोलणार हाये त्यांच्याइरुद्ध? तू बी न्हाई बोललीस. लोकंच बोलली. तूच लिवलंयस."

मी तिला मारलं. डाव्या हातानं. मग तिच्यापुढे बसून रडले, आणि ती मला 'नाटकं करू नको' म्हणून आत गेली.

आता नीट वाच. तिसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही, हे खोटं आहे. दोन गेले.

हॉलमधून आबांनी मला जीपमध्ये घातलं, तळेगावच्या दवाखान्यात न्यायला. कार्ला फाट्यावर आबांनी विचारलं, "तिनं मुद्दाम सैल बांदली का?" मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते वाट बघत होते. कार्ला फाट्यापासून कामशेतपर्यंत मला वेळ होता, रेणे. भोवळ गेली होती. दुखत होतं, पण डोकं लख्ख होतं. मी विचार केला की खरं सांगितलं तर मी हरले, आणि तुझ्याकडून हरले, आणि गोठ्यातल्या मेढीमुळे हरले, आणि सासरी जाताना हेच घेऊन जाणार. कामशेतचं स्टेशन दिसलं तेव्हा म्हणाले, "व्हय, आबा."

तक्रार आबांनी लिहिली, पण सही माझी आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून डाव्या हातानं केली. समितीनं तुला ती कधी दाखवली नाही. दाखवली असती तरी वेडंवाकडं अक्षर तू ओळखलं नसतंस. लोकांनी केलं, आबांनी केलं, असं मी जे लिहिलं ना, ते लोक माझ्या सहीच्या मागून आले. गावानं विश्वास ठेवला कारण तुझ्यावर ठेवायचाच नव्हता. हे मला जीपमध्येही माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोलले. चिमामावशी माझ्यासाठी माझ्या बापाला दोष देत गेली. तो दोष आता मावशीकडून परत घेता येत नाही, तुझ्याकडून तरी घेते.

दत्तोबा भाऊंनी त्यानंतर तो पट्टीचा नियम बंद केला, आठवतं? जिच्याशी लढायचं तिच्या हातात हात दिला की मनात काही उरत नाही, असं म्हणायचे ते. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाले, "माजंच चुकलं, पोरी." मी त्यांना पेढा दिला. भाऊ गेले ते हेच धरून गेले.

आणि आणखी एक, ते तुला कुणीच सांगितलं नसेल. हात मोडला नसता तरी तू जिंकली असतीस. पहिल्या फेरीनंतर मला कळलं होतं. तीच लढत खरी होती आपली, आणि ती तू जिंकलीस.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तो मेला. म्हणून मागत नाही.

हे पत्र जपून ठेव. कुणालाही दाखव, टाकव्यात वाचून दाखव, तुझ्या क्लबच्या भिंतीला लाव. आदिनाथला मी आज जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण दुसरी भाकरी घेतली नाही. उद्या माधवीला उतरू दिलं नाहीस तर तिला कळेल कुणी सांगितलं ते. या वर्षाची चाचणी हुकली की पुढे अकरावी-बारावीचं खूळ, मग तिचा बाप स्थळं बघायला लागेल. मी त्याच्या आडवी पडेन, पण तिला ते आज पटणार नाही. ती माझ्याशी बोलणार नाही. किती वर्षं, ते माहीत नाही. तू अठरा वर्षं बोलली नाहीस, तेव्हा मला सवय आहे.

उद्या ती तुझ्यासमोर स्टुलावर बसेल आणि आधी डावा हात पुढे करेल. तू उजवा माग. करंगळीच्या मुळाशी अंगठ्यानं दाब. ती तुझ्या डोळ्यांत बघून म्हणेल, न्हाई दुखत. मीसुद्धा तुझ्या डोळ्यांतच बघितलं होतं.

राजी